मागची सीट

डोहाळजेवणाला आलेल्या बायकांनी निकिताच्या चेहऱ्याचं इतकं कौतुक केलं, की शेवटी शेवटी तिला स्वतःलाच वाटायला लागलं, आपण आजारी नसून सुंदरच झालो असू.

"काय तेज आलंय बाई!" शेजारच्या काकू म्हणाल्या. "गाल बघा, टम्म पुरीवानी."

"पोरगीच व्हनार. पोरगी आईला रूप देती."

"कशाची पोरगी? चाल बघितली का तिची? उजवा पाय आधी टाकती. पोरगा हाय."

निकिता उजवा पाय आधी टाकत होती, कारण डावा जास्त सुजला होता. पण हिरवी साडी नेसून, मोगऱ्याचा बाजूबंद बांधून, हातात थर्माकोलचं धनुष्य घेऊन झोपाळ्यावर बसलेल्या बाईनं असलं काही बोलायचं नसतं. तिनं हसायचं असतं. ती हसत होती. सकाळी मेटलच्या हिरव्या बांगड्या चढेनात म्हणून सासूबाईंनी, म्हणजे साळूबाईंनी, साबणाचा फेस करून त्या रेटल्या होत्या. अंगठी तर तिनं आधीच काढून ठेवली होती.

चौतिसावं वर्ष आणि तिसरी खेप. पहिलं तिसऱ्या महिन्यात गेलं, दुसरं पाचव्यात. हे आता आठव्यात आलं होतं आणि पोटात लाथा मारत होतं, म्हणून घरच्यांच्या मते सगळं उत्तम चाललं होतं. श्रीरामपूरच्या डॉक्टर भार्गवींचं मत वेगळं होतं. त्यांनी पहिल्याच भेटीत फाईलवर लाल पेनानं 'हाय रिस्क' लिहिलं. बीपी वाढल्यावर गोळ्या सुरू केल्या, घरी बीपीचं मशीन आणायला लावलं आणि साळूबाईंना समोर बसवून सांगितलं, "डोकं थांबेना असं दुखलं, डोळ्यांपुढं काजवे चमकले, बरगडीखाली दुखलं किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर यातलं एक जरी झालं तरी सरळ इकडं यायचं. घरात कुणाला विचारत बसायचं नाही. कळलं का, आजी? केस हाय रिस्क आहे."

"रिस्क हाय म्हंजे हायच की," साळूबाई म्हणाल्या. "न्हाई कोन म्हनतंय?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवून एकदा त्यांच्याकडं बघितलं होतं आणि पुढचा पेशंट बोलावला होता.

आता त्याच साळूबाई मांडवात काष्टीच्या विहिणीशी भांडत होत्या. विहीण म्हणजे निकिताची आई, द्रौपदाबाई. त्या सकाळीच मुलाला, बजरंगला, जीपसकट घेऊन आल्या होत्या आणि जीपमध्ये गादी घालून आल्या होत्या. म्हणजे विचार पक्का होता.

"जेवनं उरकली की पोरीला घिऊन निघतो आमी," द्रौपदाबाईंनी जाहीर केलं. "पहिलं बाळातपन माहेरी. रीत हाय."

"डॉक्टरीन न्हाई म्हनली. लांब न्यायचं न्हाई."

"काष्टीत काय डॉक्टर न्हाईत का?"

"हायेत की. पर तिथं जाईस्तवर रस्ता हाय ना. पोरीच्या पोटात बाळ हाय, बटाट्याचं पोतं न्हाई."

"माज्या पोरीचं पोट मला कळतं, ईहीणबाई."

"तुमची पोरगी नऊ वरसं माज्या चुलीपाशी हाय. तिचं पोट मला जास्त कळतं."

निकिताला वाटलं, आपण थोडं बाजूला व्हावं आणि या दोघींनी पोट वाटून घ्यावं. तेवढ्यात नणंद मध्ये पडली. राजनंदिनी संगमनेरला दिलेली, सुनीलची थोरली बहीण. मांडवातली सगळी सजावट तिची. फोटोत अडथळा येऊ नये म्हणून तिनं दोन म्हाताऱ्यांना खुर्च्यांसकट उचलून मागं बसवलं होतं.

"जाऊ दे ना गं आई तिला," राजनंदिनी म्हणाली. "माझं नाही का माहेरी झालं? आणि तुला तरी होणारंय का आता रात्रीबेरात्री उठणं?"

साळूबाईंनी पोटच्या पोरीकडं असं बघितलं, जसं निवडणुकीत पक्ष बदललेल्या माणसाकडं बघतात. मग मोर्चा मुलाकडं वळला. "सुनील, तू बोल."

सुनीलचं ठिबकच्या पाइपांचं दुकान होतं आणि स्वभावही ठिबकचाच होता. थेंब थेंब बोलायचा. त्यानं आईकडं बघितलं, सासूकडं बघितलं, मग भज्यांच्या परातीकडं बघितलं.

"दोघींचं बरोबर आहे," तो म्हणाला आणि भजी वाढायला निघून गेला.

निकिताचं डोकं सकाळपासून दुखत होतं. आता ते दुखणं डोळ्यांच्या मागं येऊन बसलं. समोर ओळीनं बसलेल्या बायकांच्या डोक्यांवर बारीक चांदण्या चमकल्या. ही राजनंदिनीची लायटिंग असावी, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. पण मान वळवली की चांदण्याही वळत होत्या.

ती झोपाळ्यावरून उठली. फोटोवाला "मॅडम, अजून धनुष्य ताणलेला एक," असं म्हणत असताना आत गेली, कपाटातून मशीन काढलं, मोगऱ्याचा बाजूबंद वर सरकवून पट्टा बांधला. मशीननं फुस्स करून हवा सोडली. वर एकशेसत्तर, खाली एकशेदहा.

तिनं पाच मिनिटं शांत बसून परत बघितलं. मशीन मागं हटेना.

सुनील ताक न्यायला आत आला, तेव्हा तिनं त्याला आकडा दाखवला. "आत्ता निघायचंय. श्रीरामपूरला."

सुनीलचा चेहरा उतरला. घाबरला तो खरा. पण घाबरला की त्याला कुणाला तरी विचारावं लागायचं. "पंगत बसलीय गं. एवढी उठू दे, लगेच निघू. आप्पांना सांगून येतो."

मागच्या वेळी, पाचव्या महिन्यात कळा सुरू झाल्या तेव्हाही असंच झालं होतं. सासरे, आप्पासाहेब, सोसायटीच्या मीटिंगला गेले होते आणि ते आल्याशिवाय गाडी काढायची कशी, म्हणून सगळे थांबले. निकिताही थांबली होती. पलंगाच्या कडेला, पाय जुळवून, शहाण्या सुनेसारखी. डॉक्टर नंतर म्हणाल्या होत्या, लवकर आली असतीस तरी सांगता आलं नसतं. ते 'सांगता आलं नसतं' दोन वर्षं तिच्या उशाशी होतं.

"नंदिनीताईंना बोलव," ती म्हणाली.

राजनंदिनी आली, आकडा बघितला आणि म्हणाली, "छे! एवढं असतं तर तू अशी बसली असतीस का? मशीनच बिघडलंय. थांब, दुसऱ्या कुणाचं तरी बघू, म्हणजे कळेल."

दुसरं कुणी म्हणजे नेमके आप्पासाहेब सापडले. सुनील त्यांना घेऊनच आला होता. आप्पासाहेब दोन वेळा सोसायटीचे चेअरमन होते, तिसऱ्यांदा पडले, आणि तेव्हापासून त्यांनी घराचीच सोसायटी करून टाकली होती. कुठलीही गोष्ट त्यांच्यापुढं ठराव म्हणून यावी लागायची.

"काय भानगड हाय?" म्हणत ते पलंगावर बसले आणि त्यांनी बाही वर केली. मशीननं त्यांच्या दंडाला विळखा घातला. वर एकशेनव्वद.

खोलीतले एकदम सगळेच बोलले.

"अगं बाई! आप्पा!"

"पाणी आना! कांदा आना!"

"कांदा कशाला? फिट आलीय का त्यांना?"

"झोपवा त्यांना, झोपवा! सुनील, गाडी काढ!"

निकिता पलंगाच्या कडेवर होती, तिला उठून उभं राहावं लागलं, कारण आप्पासाहेबांना आडवं करायला जागा हवी होती. भिंतीला टेकून तिनं हा सगळा चमत्कार बघितला. तेच मशीन, तोच पट्टा, तीच बॅटरी. सुनेच्या दंडावर ते बिघडलेलं होतं आणि सासऱ्याच्या दंडावर एकदम दुरुस्त झालं होतं. पंगत उठायची वाट बघणारा नवरा पंगतीतून वाट काढत गाडीकडं पळत होता. त्याच्यामागं धावणाऱ्या एकानं तर पत्रावळच ओलांडली.

"माझंही जास्त आहे," निकिता म्हणाली. कुणाला ऐकू गेलं नाही. तिच्या बरगडीखाली, उजव्या बाजूला, कुणीतरी मूठ आवळल्यासारखं दुखलं. सकाळी हेच ॲसिडिटी म्हणून तिनं गिळून टाकलं होतं.

बजरंगची जीप आचाऱ्याच्या टेम्पोमागं अडकली होती. टेम्पोत अजून कढया चढायच्या होत्या. रस्त्यावर मोकळी होती ती एकट्या सुनीलची गाडी. चार माणसांनी आप्पासाहेबांना धरून आणलं आणि मागच्या सीटवर लांब केलं. डोकं राजनंदिनीच्या मांडीवर, पाय दाराबाहेर. आप्पासाहेब डोळे मिटून "मला काय न्हाई, मला काय न्हाई" म्हणत होते, पण उठत मात्र नव्हते. निवडणूक हरल्यापासून इतकी माणसं त्यांच्याभोवती गोळा झाली नव्हती.

निकिता मांडवातून चालत आली. हातातलं धनुष्य कुठंतरी पडलं होतं, डोक्यावरचा फुलांचा मुकुट एका कानावर आला होता. समोरचा रस्ता अर्धाच दिसत होता, उरलेल्या अर्ध्यावर चांदण्या होत्या. तिनं गाडीचं दार धरलं.

"मामा, उतरा."

नऊ वर्षांत ती सासऱ्यांशी 'चहा ठेवू का' आणि 'जेवायला चला' यापलीकडं आपणहून बोललेली नव्हती. त्यामुळं आवाज कुणाचा, हेच आधी कुणाला कळलं नाही. आप्पासाहेबांनी एक डोळा उघडला.

"निकिता, वेड लागलंय का तुला?" राजनंदिनी म्हणाली. "एकशेनव्वद आहे त्यांचं!"

"त्यांचं मोजून होईल. त्यांना पुढं बसवा, नाहीतर मागनं आणा. मला डाव्या कुशीवर आडवं व्हायचंय. माझ्या डोळ्यांपुढं काजवे आहेत आणि बरगडीत दुखतंय. उतरा, मामा. मी दुसऱ्यांदा वाट बघणार नाही."

'दुसऱ्यांदा' कुणाकुणाला लागलं ते तिनं बघितलं नाही. सुनीलला लागलं, कारण तो स्टिअरिंगवरून उठून बाहेर आला. पण वडिलांना हात लावायचा धीर त्याला होईना. तो नुसता दारापाशी उभा राहिला, बसस्टॉपवर उभा असल्यासारखा.

गर्दीतून साळूबाई पुढं आल्या. निकितानं मनाची तयारी केली. सगळ्या गावादेखत सासू बोलणार, बोलू दे.

साळूबाईंनी निकिताचा चेहरा हनुवटीला धरून आपल्याकडं वळवला. ते गाल सकाळपासून त्यांनीही भरलेले म्हणूनच बघितले होते. आता एका बोटानं त्यांनी गाल दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला.

"काजवे म्हनलीस?"

"हो, आत्याबाई."

साळूबाई गाडीत वाकल्या. "अवो, उठा!"

"अगं, मला चक्कर..."

"उठा म्हनते ना! चक्कर बसून बी येती. तुमच्या पोटात काय हाय? सकाळचं पोहं! तिच्या पोटात जीव हाय!"

मांडवात कुणीतरी फिस्सकन हसलं. आप्पासाहेब ताडकन उठून बसले. एकशेनव्वदच्या मानानं फारच चपळाईनं. दुसऱ्या दारानं द्रौपदाबाई आत शिरल्या, त्यांनी राजनंदिनीला खांद्यानं लोटत लोटत बाहेर काढलं आणि मांडी घालून बसल्या. "ये बाय, डोकं ठिव हितं." साळूबाई पायांशी बसल्या. सकाळपासून जीपची गादी आणि पोतं आणि रीतभात काढणाऱ्या त्या दोघी एका सीटवर दाटीनं बसल्या आणि दोघींनी एकाच वेळी सुनीलला सांगितलं, "हाण गाडी!"

सुनीलनं यावेळी कुणाचं बरोबर आहे ते विचारलं नाही.

डॉक्टर भार्गवींनी फुलांचे दागिने बघितले, लघवी तपासायला पाठवली आणि बीपी स्वतः घेतलं. एकशेऐंशीच्या वर गेलं होतं, आणि लघवीत नको ते सगळं उतरत होतं. त्या भराभर बोलत होत्या, पण हात त्याहून भराभर चालत होते.

"निकिता, ऐक. झटके येऊ नयेत म्हणून हे इंजेक्शन. अंगातून गरम वाफ गेल्यासारखं वाटेल, घाबरायचं नाही. हे दुसरं बाळाच्या फुप्फुसांसाठी. बाळ बहुतेक लवकर काढावं लागेल. आमच्याकडं इतक्या लहान बाळाची सोय नाही, म्हणून तुला स्थिर करून नगरला पाठवते. मी फोन केलाय, ते तयार राहतील."

"डॉक्टरीनबाई," द्रौपदाबाईंनी हात जोडले, "तिनं मीठ जास्त खाल्लं का? का कुनाची नजर?"

"काहीही नाही. कुणाचं काही चुकलेलं नाही. कुणाकुणाला होतं हे. वय, आधीचा त्रास, यानं शक्यता वाढते, एवढंच. वेळेवर आलात हे महत्त्वाचं. आणखी तासभर उशीर झाला असता तर मी अशी बोलत बसले नसते." मग त्या दाराकडं बघून म्हणाल्या, "आणि हे कोण?"

दारात आप्पासाहेब उभे होते. टेम्पो हलल्याशिवाय जीप निघणार नव्हती, म्हणून ते आचाऱ्याच्या टेम्पोतूनच आले होते, कढईशेजारी उभं राहून. पांढऱ्या सदऱ्यावर जिलेबीच्या पाकाचा मोठा डाग पडला होता.

"हे दुसरे पेशंट," साळूबाई म्हणाल्या. "ह्यांचं काय घाईचं न्हाई."

पण होतं. गोळी सुरू होती ती आप्पासाहेबांनी परस्पर बंद केली होती. निवडणुकीच्या धावपळीत विसरले आणि नंतर, बरं वाटतंय तर कशाला, म्हणून परत घेतलीच नाही. शेजारच्या डॉक्टरांनी त्यांना झाडलं आणि गोळी दिली. बाकावर बसून ती गिळताना ते सुनेकडं बघत नव्हते. ते कुणाकडंच बघत नव्हते.

ॲम्ब्युलन्स नगरला निघाली, तेव्हा सुनील आत तिच्याजवळ बसला. इंजेक्शननं तिचं अंग आतून भाजत होतं, जीभ जड झाली होती. त्यानं तिचा हात धरला होता आणि हातातल्या बांगड्या एक एक करून जाड कात्रीनं तोडत होता, सिस्टरनं सांगितलं म्हणून. राहुरीच्या पुढं कुठंतरी तो एकदम म्हणाला, "त्या वेळी मी आप्पांची वाट बघायला नको होती."

निकिताला रडू आलं असतं, पण त्यालाही ताकद लागते. "आत्ता कात्री नीट धर," ती म्हणाली. "मनगट कापशील."

दोन दिवस बीपी वरखाली झालं. तिसऱ्या दिवशी वर गेलं ते खाली येईना. सकाळीच ऑपरेशन केलं. मुलगी झाली. रडली, पण मांजराच्या पिलाएवढंच. ती निकिताला एकदा ओझरती दाखवली आणि काचेच्या पेटीत नेऊन ठेवली. बाळ झालं म्हणजे आईचं संपलं नाही, असं सांगून सिस्टर दर थोड्या वेळानं निकिताच्या दंडाला पट्टा बांधत राहिल्या.

बाहेर बाकावर दोन्ही विहिणी एकाच डब्यातून जेवत होत्या. त्यांची युती इतकी घट्ट झाली होती, की आता त्या मिळून राजनंदिनीला बोलत होत्या. राजनंदिनी बिचारी रोज संगमनेरहून सूप घेऊन येत होती आणि मुकाट ऐकून घेत होती. एकदा ती निकिताच्या उशाशी बसली आणि फोनमध्ये बघत म्हणाली, "मी ते फोटो डिलीट केलेत. तुझा चेहरा... मला दिसायला हवं होतं गं." निकितानं तिला एक तरी ठेव म्हणून सांगितलं. एवढे फुलांचे दागिने घातले होते, फुकट का जावेत.

आप्पासाहेब तेवढे बोलत नव्हते. रोज यायचे, काचेतून पेटीकडं बघायचे, निकिताच्या खोलीच्या दारापर्यंत यायचे आणि परत फिरायचे. साळूबाई म्हणाल्या, "रुसलंय म्हातारं. गावादेखत उतरिवलं ना. रुसू दे. रुसल्यानं बीपी वाढत न्हाई, मी विचारलंय डॉक्टरला."

पाचव्या दिवशी निकिताला चाकाच्या खुर्चीतून बाळाकडं नेत होते. आता बाळाला उघड्या छातीशी धरायचं, त्याला कांगारू केअर म्हणतात, असं सिस्टरनं समजावलं होतं.

"कांगारू म्हंजे?" द्रौपदाबाईंनी विचारलं.

"पोटाला पिशवी असती ते जनावर," साळूबाई म्हणाल्या. "टीव्हीत दावत्यात."

वळणावर आप्पासाहेब पाठमोरे उभे होते. फोनवर बोलत होते, आणि चेअरमन असतानाचा त्यांचा आवाज लागला होता.

"आरं, मशीन दावतंय एकशेनव्वद! मी मागं आडवा. बघतो तर सूनबाईचा चेहरा निराळाच. मीच म्हनलं, पोरी, तू हो मागं आडवी, माजं काय एवढं. मी येतो टेम्पोनं. व्हय, व्हय, टेम्पोनं! कढईपाशी हुबा राहून आलो. नातीसाठी एवढं करावंच लागतं की."

साळूबाईंनी तोंड उघडलं. त्यांच्या गळ्यापर्यंत आलेले शब्द निकिताला दिसले. तिनं त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"असू द्या, आत्याबाई."

"आगं पर धडधडीत खोटं..."

"उतरले तर होते ना."

आप्पासाहेब वळले. खुर्ची बघून फोन खिशात घातला, घसा खाकरला, इकडं तिकडं बघितलं. मग पुढं होऊन खुर्चीची मूठ सुनीलच्या हातातून काढून घेतली आणि म्हणाले, "चल. सावकास नेतो. ह्या फरशीला लई खाचा हायेत."

आत सिस्टरनं पडदा ओढला. निकिताच्या गाऊनची बटणं सोडली आणि नळ्या सांभाळत बाळ उचलून तिच्या छातीवर पालथं ठेवलं. वजन लागलंच नाही. नुसती ऊब लागली. डोक्यावर लोकरीची टोपी, पाठीवर बारीक लव, कान अजून नीट घडी न उलगडलेले. निकितानं श्वास रोखून धरला, आपल्या श्वासानं ती घसरून पडेल अशा भीतीनं. पडद्यापलीकडं कुजबुज चालली होती; नाव काय ठेवायचं यावरून दोन्ही आज्यांची युती मोडायला लागली होती.

तेवढ्यात छातीवरून पोटाकडं एक कोमट धार वाहत गेली.

"अगं बाई, लंगोट सैल बांधला गेला वाटतं," सिस्टर म्हणाली. "थांबा, पुसते."

"राहू द्या थोडा वेळ," निकिता म्हणाली.

लग्न झाल्यापासून या घरातली सगळी माणसं तिला न विचारता काही ना काही करत आली होती. राग आला नाही, तो या एकटीचा.